तिजोरीच्या दोन किल्ल्या

सांगलीच्या गावभागात मामांचं घर आहे. मामा चौतीस वर्षं एका सहकारी बँकेत रोखपाल होते, २०१२ साली निवृत्त झाले. मी पुण्यात एका बँकेत अधिकारी आहे. घराण्यात बँकवाले आम्ही दोघंच, त्यामुळे लग्नाकार्यात आम्हाला शेजारीशेजारी बसवतात आणि आम्ही पंगत उठेपर्यंत वाद घालतो. व्याजदर, कर्जमाफी, शाखेतली कमी झालेली माणसं, काहीही चालतं.

या वेळचा विषय मात्र घरातला होता. मामीच्या खात्यातून ८७ हजार रुपये गेले होते. बुधवारी संध्याकाळी गेले, गुरुवारी सकाळी दूधवाल्याचे पैसे जाईनात तेव्हा तिला कळलं, आणि तिने सांगितलं रविवारी. तेही मला, फोनवर, कुजबुजत. मामा पलीकडच्या खोलीत होते.

पुढच्या शनिवारी मी सांगलीला गेले. चहा झाला, आणि जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहिते आहे. दोन-चार शब्द इकडचे तिकडे झाले असतील. मामांचा आवाज काही लिहिता येत नाही.

मामा : तिचा फोन मी काढून घेतलाय. बटणांचा साधा फोन आणून दिलाय. विषय संपला.

मी : आणि तिने दूधवाल्याला पैसे कसे द्यायचे?

मामा : माझ्याकडून घेऊन. पूर्वी कशी देत होती?

मी : पूर्वी तिचं स्वतःचं खातंही नव्हतं, मामा. तेवढं मागे जायचंय का?

मामा : तू शब्द पकडू नकोस. चौतीस वर्षं नोटा मोजल्यात मी. फसणारा माणूस काउंटरच्या अलीकडून ओळखू यायचा मला. एक तर हावरट असतो, नाही तर बावळट. सावध माणसाला कुणी फसवत नाही.

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

मी : कॉसमॉस बँकेत कोण हावरट होतं? २०१८ च्या ऑगस्टमध्ये, दोन दिवसांत ९४ कोटी गेले. पुण्यातली एवढी जुनी बँक. तिथे सगळे बावळट बसले होते?

मामा : ते यंत्र फसलं. माणूस नाही.

मी : यंत्र कसं फसलं ते तुम्हाला सांगते, कारण मामीचं तसंच झालंय. एटीएममधून पैसे काढताना यंत्र बँकेला विचारतं, देऊ का? चोरांनी मध्येच एक खोटी व्यवस्था बसवली. विचारणा खऱ्या बँकेपर्यंत पोचलीच नाही, मधल्यामध्ये खोटाच 'द्या' म्हणत राहिला. जगभरातल्या एटीएमनी नोटा बाहेर टाकल्या. मामीलाही वीज कंपनी बोलत्येय असंच वाटत होतं, बोलत होता मधला.

मामा : पण पिन कुणी टाकला? बँकेने?

मी : तिनेच टाकला. का टाकला, ते तुम्ही तिला विचारलंत का?

मामा काही बोलले नाहीत. मग मामीच बाहेर आली, हात पदराला पुसत. ती खुर्चीवर बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून बोलायला लागली.

मामी : हे कीर्तनाला गेले होते. बाहेर पाऊस. मेसेज आला, मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर संपर्क करा. बिल तर आपण भरलेलं. मला वाटलं, भरलंय एवढं सांगून टाकावं. फोन लावला तर मुलगा इतका गोड बोलला गं. काकू म्हणाला. म्हणाला, काकू तुमचं बिल दिसतंय मला, पण आमच्या सिस्टीमवर चढलेलं नाही, लाइनमन निघालाय, मी थांबवतो त्याला, तुम्ही घाई करा. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली. ती उघडताना फोन मध्येमध्ये विचारत होता, परवानगी देऊ का, परवानगी देऊ का. तो म्हणाला, हो म्हणा काकू. तीनदा हो म्हटलं. मग म्हणाला, खातं जोडायला फक्त दहा रुपये भरा. दहा रुपयांसाठी कोण विचार करतं?

मी : लाइट गेली असती तर एक रात्र काढली असती ना तू?

मामी : मी काढली असती. ह्यांचं वाफेचं मशीन रात्री दहाला लावावं लागतं. पावसाळ्यात दम लागतो ह्यांना.

एवढं बोलून ती आत गेली. मामा खिडकीबाहेर बघत राहिले. मी पुढे बोलायची घाई केली नाही. ही गोष्ट त्यांनाही तेव्हाच कळत होती.

थोडं तांत्रिक सांगून टाकते, कारण बहुतेकांना 'लिंक दाबली की पैसे जातात' एवढंच माहीत असतं. तिला आलेली फाइल एपीके होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं अ‍ॅप. तीनदा 'हो' म्हटल्यावर त्या अ‍ॅपला तिचे मेसेज वाचायची मुभा मिळाली. दहा रुपये भरायच्या पानावर तिने कार्डाचा नंबर आणि पिन टाकला, तो तिकडे पोचला. पुढचे ओटीपी तिच्या फोनवर आले ते त्या अ‍ॅपनेच उचलले, तिला दिसलेही नाहीत. ४९ हजार आणि ३८ हजार. दोन्ही व्यवहारांत मिळून अकरा मिनिटं. हीच फाइल कधी लग्नपत्रिका म्हणून येते, कधी वाहतुकीच्या दंडाचं चलान म्हणून, कधी पीएम किसानची यादी म्हणून. नाव बदलतं, शेपटी तीच.

मामा : बरं, ती हावरट नाही. मी कुठे म्हटलं?

मी : आत्ताच म्हटलंत.

मामा : सर्वसाधारण बोललो. शेअरमध्ये महिन्यात दुप्पट म्हणून पैसे ओततात ते हावरट नाहीत?

मी : ते असतील. पण 'डिजिटल अरेस्ट'मध्ये कोण सापडतं बघा. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काळ्या पैशाचं खातं आहे, आम्ही सीबीआयमधून बोलतोय. मग व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस बसवून ठेवतात. मागे पोलीस ठाण्यासारखा पडदा, अंगावर वर्दी. असल्या अटकेची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं. ही माणसं लोभाने नाही फसली. आयुष्यभर कायदा पाळला म्हणून फसली. बेरड माणूस म्हणाला असता, या अटक करायला, चहा ठेवतो.

मामा हसले. पहिल्यांदाच.

मामा : हे सगळं मला पटतं. म्हणून तर म्हणतो, ही हत्यारं घरात नकोतच. मला सांग, रात्री आठ वाजता ४९ हजार रुपये अनोळखी माणसाला अर्ध्या मिनिटात पाठवायची सोय सत्तर वर्षांच्या बाईला कशाला हवी होती? कुणी मागितली होती? आमच्या वेळी चेक टाकला की पितळी टोकन मिळायचं. एक जण सही ताडून बघायचा, दुसरा पासिंग करायचा, तिसरा मी, पैसे मोजणारा. वीस मिनिटं जायची. लोक कंटाळायचे, जांभया द्यायचे. पण त्या वीस मिनिटांत माणसाला शहाणपण सुचायचं. एक म्हातारा माझ्यासमोर टोकन परत देऊन गेला होता, 'पोराला नाही द्यायचे पैसे' म्हणून. तुमच्या अ‍ॅपात जांभई द्यायला जागा आहे?

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही.

मामा : आणि तिच्या फोनात ते अ‍ॅप टाकून कुणी दिलं?

मी दिलं होतं. मागच्या दिवाळीत, याच खोलीत बसून. मामी आता मॉडर्न झाली म्हणून फोटोही काढला होता. दिवसाला लाखभर जातील ही मर्यादा जशी होती तशी ठेवली, कारण ती कमी करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. शाखेत आम्हाला अ‍ॅप सुरू करून द्यायचं उद्दिष्ट असतं, मर्यादा कमी करून द्यायचं नसतं. हे मी मामांना तेव्हा सांगितलं, आणि इथेही लिहिते.

मामा : मग बँकेने भरून द्यावेत पैसे.

मी : इथे तुम्ही बरोबर आणि चूक, दोन्ही आहात. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. बँकेची चूक असेल तर ग्राहकाला काही सोसावं लागत नाही. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, मधेच कुठे गळती झाली, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर बचत खात्याला दहा हजारांपर्यंत झळ. पण ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं.

मामा : म्हणजे मी म्हणालो तेच.

मी : कळवेपर्यंतचं, मामा. कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा. आणि निष्काळजीपणा झाला हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाख परत द्यायला लावले, ते याच परिपत्रकाच्या आधारावर. पण मामीच्या बाबतीत मला भांडण बँकेशी करायचं नाहीये. मला वार मोजायचेत. बुधवार संध्याकाळ. गुरुवार. शुक्रवार. शनिवार. रविवार.

मामा : तिने सांगितलं नाही त्याला मी काय करू?

मी : १९३० वर फोन केला की तक्रार एका यंत्रणेत चढते, तिथे पोलीस आणि बँका एकत्र जोडलेल्या आहेत. पैसा पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचांत, मग कुठल्यातरी एटीएममधून बाहेर. ती खाती भाड्याची असतात, कॉलेजच्या पोरांची, मजुरांची. पैसा अजून त्या साखळीत असेल तर जिथे सापडेल तिथे गोठवतात. बाहेर पडला की गेला. पहिला तास सोन्याचा. आपण चार दिवस घालवले.

आतून मामीचा आवाज आला. ती ऐकत होतीच.

मामी : दूध उतू गेलं तर तीन दिवस ऐकावं लागतं या घरात. ८७ हजारांचं किती दिवस ऐकावं लागेल, त्याचा हिशोब करत होते मी.

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामांनी एकदम वेगळीच गोष्ट काढली. विषय बदलायला काढली असावी.

मामा : १९८६ साली माझ्या हातून पाच हजार जास्त गेले होते. मार्च अखेर, हळदीचे सौदे जोरात, काउंटरवर अडत्यांची माणसं पोती भरल्यासारखी उभी. पन्नासाच्या बंडलाऐवजी शंभराचं बंडल दिलं. संध्याकाळी रोकड जुळेना. पगार दोन हजारही नव्हता तेव्हा. घाम फुटला. मॅनेजरसाहेबांकडे गेलो, म्हटलं, साहेब, तूट आहे. ते एक शब्द बोलले नाहीत. दिवसभराच्या टोकनांची यादी काढली, मोठ्या रकमा बाजूला केल्या, आणि स्कूटरवर मला मागे बसवून पेढ्या पालथ्या घातल्या. रात्री साडेदहाला एका अडत्याने गल्ला उघडला, बंडल तसंच होतं, कागदाची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. म्हणाला, सकाळी आला असता तर शेतकऱ्यांना वाटून झाले असते.

मी : त्याच रात्री सांगितलंत म्हणून मिळाले.

मामा : नियमच होता. रोकड त्याच दिवशी जुळवायची. तूट असेल तर त्याच दिवशी सांगायची. दुसऱ्या दिवसापर्यंत लपवली तर ती तूट राहत नाही, अफरातफर होते.

मी : आणि साहेब ओरडले असते तर?

मामा : ...

मी : तिजोरीच्या किल्ल्या किती होत्या?

मामा : दोन. एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. दोन्ही लावल्याशिवाय दार उघडायचं नाही.

मी : तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून?

मामा : छे! विश्वासाचा प्रश्नच नाही. एकटा माणूस चुकतो. एकट्याला कुणी धमकावू शकतं. मी सुट्टीवर गेलो की माझी किल्ली दुसऱ्याकडे जायची, रजिस्टरवर सही करून. पण दोन म्हणजे दोन.

मी : मग मामीची एकमेव किल्ली तुम्ही काढून घेताय. म्हणजे पुन्हा एकच किल्ली झाली, फक्त तुमच्या खिशात.

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चौतीस वर्षांत ग्राहकाने बिनतोड प्रश्न विचारला की ते हेच करत असणार.

मामी बाहेर आली ती डबीतले लाडू घेऊन, आणि बसली. माझ्या मते इथेच बोलण्याची बाजू बदलली.

मामी : ह्यांच्या खिशातल्या किल्लीचंही ऐक. मंगळवारी ह्यांनाच फोन आला होता. तुमच्या घरातले ८७ हजार गेलेत, आम्ही सायबर विभागातून बोलतोय, परत मिळवून देतो. अर्धा तास बोलत होते.

मामा : मी त्याची उलटतपासणी घेत होतो.

मामी : आधार नंबरचे पहिले चार आकडे सांगून झाल्यावर?

हा दुसरा डाव सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. गेलेले पैसे परत आणतो, फक्त फाइलचा खर्च भरा, असा फोन येतो. माणूस इतका आसुसलेला असतो की तो भरतो. मामांनी भरले नाहीत. पण अर्धा तास हा अर्धा तास.

मग आम्ही तिघं बसलो आणि घराच्या किल्ल्या वाटल्या. मुदत ठेवी आणि मामांचं पेन्शन ज्या खात्यात येतं, त्या खात्याचं मोबाइल आणि नेट बँकिंग पूर्ण बंद. त्यासाठी मामा सोमवारी शाखेत अर्ज देणार. आजकाल चोर खात्यात शिरला की आधी ऑनलाइन ठेवी मोडतो, मग पैसे उचलतो, म्हणून हे आधी. मामीला तिचा फोन परत. तो सगळं पुसून कोरा केला, पिन बदलले, जुनं कार्ड बंद करून नवं मागवलं. त्यावर वेगळं छोटं खातं, महिन्याला दहा हजार, दिवसाची मर्यादा तीन हजार. दूध, भाजी, रिक्षा, भिशी. गेलेच तर तेवढेच जातील. दोघांच्या आधारचे बोटांचे ठसे लॉक केले, लागतील तेव्हा उघडायचे.

आणि नवीन माणसाला पाच हजारांच्या वर पैसे पाठवायचे असतील, तर कुणीही असो, आधी दुसऱ्याला फोन. 'कुणीही' म्हणजे मामाही, हे मामीने दोनदा म्हणवून घेतलं. समोरचा म्हणाला, कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका, की तोच चोर; मग तो पोलीस असो, बँक असो, नाही तर माझ्या आवाजात रडणारी मी असो. हल्ली आवाजाचीही नक्कल होते. त्यासाठी एक घरगुती शब्द ठरवला आहे. तो अर्थात इथे लिहीत नाही. मामांच्या लहानपणीच्या म्हशीचं नाव आहे, एवढं सांगते.

मामा : आणि बँकेचा खरा फोन कसा ओळखायचा?

मी : ओळखायच्या भानगडीत पडू नका. बँकांसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आलेत, संकेतस्थळांची नावं आता बँक डॉट इन ने संपतात, हे सगळं चांगलंच आहे. पण तुम्ही फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः लावा. गूगलवर शोधून नाही; तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

मामा : क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे येतात म्हणे.

मी : जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, मामा. पिन मागितला की तुमच्याच खिशात हात आहे.

मामा : मी ते अ‍ॅप घेणारच नाही. मी पासबुक भरून आणणार, रांगेत उभा राहून.

मी : रहा.

मामा : आणि तुम्ही त्या अ‍ॅपांत वीस मिनिटं घाला. मोठी रक्कम, नवा माणूस, रात्रीची वेळ, तर वीस मिनिटं थांब म्हणावं. लोक ओरडतील. ओरडू देत. माझ्या काउंटरवरही ओरडायचे.

हे मी आमच्या वरिष्ठांना लिहून कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

८७ हजारांपैकी साडेअकरा हजार रुपये परराज्यातल्या एका खात्यात गोठवलेले सापडले, ते मिळवण्याचे अर्ज चालू आहेत. बाकीचे गेले. मामीच्या कपाटाच्या दाराला आतून महत्त्वाच्या फोन नंबरांची यादी चिकटवलेली आहे, गॅस, डॉक्टर, पाणी सोडणारा, मी. सर्वांत वर आता १९३० आहे, मामांच्या रोखपाली अक्षरात, आकडे सुटे सुटे, खाली दोन रेघा मारून.